फुकटचा पहारेकरी आणि त्याचे पोट

गेल्या पावसाळ्यात आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेतील संगणक एकाएकी फार मंद झाला. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस होते. मुले-मुली आपापल्या पाळीची वाट पाहत बसलेली, शेवटची तारीख जवळ आलेली आणि एक पान उघडायला चार-चार मिनिटे लागत होती. मी बँकेत कारकून आहे, दिवसभर संगणकासमोर बसतो. एवढ्यावरून मला त्यातले सगळे कळते असा आपल्या सरचिटणीसांचा समज आहे. वस्तुतः मी कला शाखेचा पदवीधर, इतिहास हा माझा विषय. तरीही बोलावणे आले म्हणून रविवारी सकाळी जाऊन बसलो.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून दर थोड्या वेळाने एक लाल चौकट वर येत होती. संगणकात अमुक इतके दोष सापडले आहेत, ते दूर करायचे असल्यास पैसे भरा, असा तिचा मजकूर. चौकट बंद केली की काही मिनिटांनी पुन्हा हजर. शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. कोणी तरी चांगल्या हेतूनेच संगणकावर एक मोफत अँटीव्हायरस बसवला होता. त्याच्या पाठोपाठ एक नवा ब्राउझर आला होता, 'सफाई' करणारा एक प्रोग्रॅम आला होता, ड्रायव्हर अद्ययावत करून देतो म्हणणारा आणखी एक आला होता, आणि कोणत्या तरी व्हीपीएनची काही दिवसांची चाचणी आवृत्तीही येऊन बसली होती. एकाला जेवायला बोलवावे आणि त्याने येताना चौघांना बरोबर आणावे, तसा प्रकार. यांपैकी कोणालाही आपल्यापैकी कोणी बोलावले नव्हते. निदान तसे कोणाला आठवत नव्हते.

हे सगळे एकेक करून काढत असताना शेजारी बसलेल्या, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने मला विचारले, "काका, हे लोक एवढे मोठे काम फुकट करतात, मग त्यांच्या घरची चूल कशावर पेटते?" मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. नंतर मी जे वाचले आणि समजून घेतले, ते प्रस्तुत लेखात मांडत आहे.

प्रथम अँटीव्हायरस काय करतो ते पाहू, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्या कामाच्या स्वरूपातूनच निर्माण झालेला आहे. संगणकाचा विषाणू म्हणजे दुसऱ्याचे नुकसान करण्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम. आजवर सापडलेल्या अशा प्रोग्रॅमच्या खुणा अँटीव्हायरसच्या वहीत नोंदलेल्या असतात. संगणकात येणारी प्रत्येक फाइल तो त्या वहीशी ताडून पाहतो. पोलीस ठाण्यात सराईत गुन्हेगारांच्या बोटांच्या ठशांची नोंद असते, तसेच हे. वहीत खूण नसेल, परंतु एखादा प्रोग्रॅम संशयास्पद वागत असेल, तर त्यालाही तो अडवतो. याखेरीज आपण इंटरनेटवर कोणते पान उघडतो आहोत हेही तो पाहतो, कारण बँकेच्या पानासारखे हुबेहूब खोटे पान उभे करून फसवणाऱ्यांपासून त्याला आपला बचाव करायचा असतो.

हे काम करायचे तर त्याला सगळीकडे जाण्याची मुभा हवी. म्हणून संगणकातील सर्वांत वरचे अधिकार आपण त्याच्या हाती देतो. बँकेच्या किंवा सरकारी पानांवरील मजकूर वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून तो कुलूपबंद होऊन येतो-जातो. परंतु अनेक अँटीव्हायरस संगणकात स्वतःचे प्रमाणपत्र बसवून ते कुलूपही उघडतात, आत डोकावतात आणि पुन्हा लावतात. त्यात गैर काही नाही, तपासणीसाठी ते आवश्यक आहे असे त्यांचे म्हणणे असते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु याचा अर्थ हा की वाड्याच्या सर्व खोल्यांच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला आहेत असा हा पहारेकरी आहे. कपाटात काय आहे, पत्रात काय लिहिले आहे, रात्री कोण भेटायला आले, हे घरच्या माणसांपेक्षाही त्याला अधिक ठाऊक असते. आणि हा पहारेकरी पगार घेत नाही.

मोफत अँटीव्हायरसची परंपरा तशी जुनी आहे. १९८८ साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील प्राग शहरात पावेल बाउडिश आणि एडुआर्ड कुचेरा या दोघांनी एक सहकारी संस्था काढली. बाउडिश यांच्या हाती 'व्हिएन्ना' नावाचा विषाणू लागला होता आणि तो काढून टाकणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता. त्यातूनच पुढे 'अव्हास्ट' हे नाव जगभर पोहोचले. २००१ साली त्यांनी घरगुती वापरासाठी मोफत आवृत्ती दिली. त्याच देशातील बर्नो शहरात सुरू झालेल्या 'एव्हीजी' या कंपनीची मोफत आवृत्तीही तितकीच गाजली, आणि २०१६ साली अव्हास्टने ती कंपनी सुमारे १३० कोटी डॉलर्सना विकत घेतली. आपल्याकडे सायबर कॅफेपासून शाळेच्या संगणक कक्षापर्यंत या दोघांपैकी एकाचे चिन्ह घड्याळाशेजारी दिसत असे.

महाराष्ट्राचा या क्षेत्राशी संबंध मात्र वेगळ्या वाटेने आला. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' बाजारात आणले. त्यांचा व्यवहार सरळ होता: पैसे देऊन विकत घ्या, मुदतीपर्यंत वापरा. तो परवडत नसे म्हणून आपण मोफत आवृत्तीकडे वळलो, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मीही वळलो होतो.

आता चुलीचा प्रश्न. मोफत देणाऱ्या कंपनीची मिळकत साधारणतः चार ठिकाणांहून येते. काही लोक मोफत आवृत्ती वापरता वापरता पैसे देऊन मोठी आवृत्ती घेतात. यात काहीही वावगे नाही. ती लाल चौकट वारंवार वर येते ती याचसाठी. परंतु भीती दाखवून विकणे आणि गरज सांगून विकणे यांत फरक आहे. रिकाम्या फाइली आणि जुन्या नोंदींना 'दोष' म्हणून लाल रंगात दाखवायचे, हा मला तरी अप्रामाणिकपणा वाटतो. दुसरी मिळकत जाहिरातीची. तिसरी म्हणजे दुसऱ्याचे सॉफ्टवेअर आपल्याबरोबर बसवून देण्याचे कमिशन. आणि चौथी सर्वांत गंभीर, तिच्याकडे मी शेवटी येतो.

बरोबर येणाऱ्या पाहुण्यांची रीत अशी. आपण प्रोग्रॅम बसवायला घेतला की पडद्यावर एकामागून एक पाने येतात. प्रत्येक पानावर 'पुढे' असे मोठे रंगीत बटण असते. कोठे तरी खालच्या बाजूला लहान अक्षरांत एक वाक्य असते आणि त्याच्या शेजारच्या चौकोनात बरोबरची खूण आधीच केलेली असते. अमुक ब्राउझर बसवा, तोच मुख्य करा, अमुक शोधपट्टी लावा. आपण वाचत नाही, 'पुढे' दाबतो. कायद्याच्या भाषेत आपण संमती दिलेली असते. गुगलचा क्रोम ब्राउझर अव्हास्टबरोबर याच पद्धतीने असंख्य संगणकांवर गेला आणि त्याबद्दल गुगलकडून अव्हास्टला मोबदला मिळत असे.

अँटीव्हायरस स्वतःदेखील असा आगंतुक पाहुणा होऊन आलेला आहे. ज्यांनी पूर्वी अडोबीचे फ्लॅश प्लेअर उतरवून घेतले असेल त्यांना आठवेल की त्या पानावर मॅकॅफीच्या तपासणी प्रोग्रॅमपुढे आधीच खूण केलेली असे. जावा बसवताना 'आस्क' नावाची शोधपट्टी येत असे. अविरा या जर्मन अँटीव्हायरस कंपनीनेही एके काळी आस्कच्याच जोरावर चालणारी शोधपट्टी आपल्या मोफत आवृत्तीबरोबर दिली. ज्या वस्तूला इतर अँटीव्हायरस 'नको असलेली' ठरवू लागले होते, ती वस्तू एक अँटीव्हायरसच वाटत होता! २०१५ साली मायक्रोसॉफ्टने त्या शोधपट्टीच्या जुन्या आवृत्त्या नको असलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीत टाकल्या. पुढे २०२० च्या जुलैमध्ये सीक्लीनर या सफाईच्या प्रोग्रॅमची मोफत आवृत्तीही मायक्रोसॉफ्टने अशाच यादीत घातली. कारण दिले ते असे की ती बसवताना क्रोम, गुगलची शोधपट्टी, अव्हास्ट आणि एव्हीजी हे प्रोग्रॅम बरोबर येतात. येथे अँटीव्हायरसच आगंतुकांच्या रांगेत उभा राहिला.

याहून मजेशीर प्रकार २०२१ सालचा. नॉर्टन या नामांकित कंपनीने आपल्या अँटीव्हायरसमध्ये इथेरियम हे आभासी चलन 'खणून' काढण्याची सोय घातली. ग्राहकाने ती सुरू केली की त्याचा संगणक आणि त्याची वीज वापरून चलन मिळवायचे आणि त्यातील १५ टक्के कंपनीने ठेवायचे. अविरा तोपर्यंत याच कंपनीच्या मालकीची झाली होती. तिच्यातही ही सोय आली. ग्राहकाने होकार दिल्याशिवाय ती सुरू होत नव्हती, हे कंपनीच्या बाजूने सांगितले पाहिजे. तथापि चोरून असे खाणकाम करणारे प्रोग्रॅम पकडणे हे ज्याचे काम, त्यानेच फावडे घेऊन दारात उभे राहावे, हे लोकांना रुचले नाही आणि २०२२ च्या जानेवारीत त्यावर बरीच टीका झाली.

असो. जास्तीचे प्रोग्रॅम डोळ्यांना दिसतात, ते काढून टाकता येतात. जे दिसत नाही ते अधिक महत्त्वाचे.

२०१५ सालच्या सप्टेंबरमध्ये एव्हीजीने आपले गोपनीयतेचे धोरण सोप्या भाषेत प्रसिद्ध केले. मोफत सेवेतून पैसे मिळवण्यासाठी आपण वापरणाऱ्यांच्या शोधांची आणि उघडलेल्या पानांची माहिती, नाव-पत्ता वगळून, इतरांना देऊ शकतो, असे त्यात लिहिले होते. फार ओरड झाली. मला मात्र वाटते, त्यांनी निदान कळेल अशा भाषेत लिहिले, म्हणून ओरड तरी झाली.

अव्हास्टची गोष्ट याहून मोठी. २०१३ साली त्यांनी 'जंपशॉट' नावाची एक लहान कंपनी घेतली. मुळात तीही संगणक सुरक्षित ठेवण्याचेच काम करीत असे. अव्हास्टने तिचे रूप बदलले आणि २०१४ पासून तिच्यामार्फत अव्हास्ट वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरील हालचालींची माहिती विकली जाऊ लागली. आपल्याकडे १० कोटी उपकरणांवरील माहिती आहे, अशी जंपशॉट स्वतःची जाहिरात करीत असे. ब्राउझरला जोडायचे एक साधन अव्हास्ट देत असे. धोकादायक पानांची सूचना देणे हे त्याचे सांगितलेले काम. प्रत्यक्षात ते उघडलेल्या प्रत्येक पानाचा पत्ता कंपनीकडे पाठवते आणि तोही गरजेपेक्षा कितीतरी अधिक तपशिलासह, हे व्लादिमीर पालांत या संशोधकाने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये दाखवून दिले. डिसेंबरात मोझिलाने ते साधन आपल्या यादीतून काढले. २०२० च्या जानेवारीत 'मदरबोर्ड' आणि 'पीसीमॅग' या दोन प्रकाशनांनी एकत्रित शोध घेऊन माहितीचे नमुने व करार उजेडात आणले, आणि काही दिवसांतच, ३० जानेवारीला, अव्हास्टने जंपशॉट बंद करीत असल्याचे जाहीर केले.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पुढे चौकशी केली. २०१४ ते २०२० या काळात जंपशॉटकडे ८ पेटाबाइटहून अधिक, म्हणजे सुमारे ८० लाख गिगाबाइट माहिती जमली होती आणि ती १०० हून अधिक कंपन्यांना विकली गेली, असे या आयोगाचे म्हणणे. प्रत्येक नोंदीत कोणते पान उघडले, नेमक्या किती वाजता उघडले, कोणत्या प्रकारच्या यंत्रावरून, कोणत्या शहरातून, हे सारे होते. नाव नव्हते. नावाच्या जागी एक क्रमांक होता, आणि तो क्रमांक दिवसामागून दिवस तोच राहत असे.

"नाव नव्हते ना, मग बिघडले काय?" असे अनेक सुशिक्षित लोक विचारतात. आमच्या शाखेतही एका सहकाऱ्याने मला हेच विचारले. त्याला मी आमच्याच धंद्यातले उदाहरण दिले, ते येथे देतो.

समजा, एखाद्या बँकेने खातेदारांची नावे खोडून सर्व व्यवहारांची यादी बाजारात विकायला काढली. नावाच्या जागी नुसता क्रमांक, उदाहरणार्थ ५०७. तारीख, वेळ, रक्कम तशीच ठेवली. आता एक किराणा दुकानदार ती यादी विकत घेतो. त्याच्या बिलबुकात १२ तारखेला सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी बरोबर १,३८७ रुपये देणारा एकच गिऱ्हाईक आहे, आणि त्याचे नाव त्याने लिहून ठेवले आहे. बँकेच्या यादीत त्याच मिनिटाला १,३८७ रुपयांचा व्यवहार ५०७ च्या खाती दिसतो. म्हणजे ५०७ कोण हे दुकानदाराला कळले. त्याला कळले ते एवढ्या एकाच ओळीपुरते नव्हे. ५०७ च्या पुढच्या-मागच्या सगळ्या ओळी आता त्याला नावानिशी वाचता येतात. कोणत्या दवाखान्यात पैसे भरले, कोणाकडून हातउसने घेतले, महिनाअखेर खात्यात किती उरले. बँकेने नाव खोडले हे अगदी खरे. परंतु ते दुकानदाराने पुन्हा लिहिले. रोज संध्याकाळी कॅशचा ताळा जुळवणाऱ्या कोणत्याही कारकुनाला हे समजावून सांगावे लागू नये. आम्ही दुसरे काय करतो? वेळ आणि रक्कम जुळवूनच तर हरवलेले व्हाउचर शोधतो.

जंपशॉटची माहिती अशीच होती. अमुक क्रमांकाच्या यंत्रावरून अमुक सेकंदाला अमुक दुकानाच्या पानावर अमुक वस्तू टोपलीत टाकली, असे तिच्यात लिहिलेले असे. ते दुकान स्वतःच ही माहिती विकत घेत असेल, तर त्या सेकंदाला ती वस्तू टोपलीत टाकणारा कोण, हे त्याच्या दफ्तरी नावपत्त्यासह आहेच.

हे केवळ तर्काने म्हणतो असे नाही. २००६ साली अमेरिकेत एओएल या कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे दोन कोटी शोध, नावे काढून, खुले केले होते. न्यू यॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी त्यातील एका क्रमांकाने काय काय शोधले ते वाचले, आणि थोड्याच दिवसांत ते जॉर्जिया राज्यातील एका वृद्ध बाईंच्या दारात उभे होते. ते शोध आपलेच आहेत हे बाईंनी ओळखले. गावाचे नाव, आडनाव, दुखणी, कुत्र्याच्या सवयी. माणूस असा कणाकणाने साठलेला असतो.

या माहितीवरून लोकांच्या धार्मिक श्रद्धा, आजारपण, राजकीय कल, आर्थिक स्थिती आणि राहण्याचे ठिकाण यांचा अंदाज येऊ शकत होता, असेही अमेरिकी आयोगाने नमूद केले आहे. हे वाचताना मला आपली अभ्यासिका आठवली. त्या संगणकावर आपली मुले काय उघडतात? शिष्यवृत्तीचे पान, जात वैधता प्रमाणपत्राचे पान, वसतिगृहाची यादी, सरकारी भरतीची जाहिरात. नाव न विचारता त्या मुलाविषयी सर्व काही सांगून टाकणारी ही पाने आहेत. भाड्याने घर पाहायला गेल्यावर घरमालक सहज म्हणून आडनाव विचारतो, तेव्हा आपल्यापैकी अनेक जण क्षणभर थांबून मग उत्तर देतात. ते थांबण्याचा, सांगावे की सांगू नये हे ठरवण्याचा अधिकार त्या क्षणी आपल्याकडे असतो. संगणकातला पहारेकरी आपल्या वतीने परस्पर उत्तर देत असेल, तर तो अधिकार उरत नाही. अभ्यासिकेतील त्या अँटीव्हायरसने असे काही केले असे मी म्हणत नाही. मला ते तपासण्याचे साधन नव्हते. परंतु त्याला ते करता आले असते, एवढे मात्र खरे.

२०२४ च्या फेब्रुवारीत अव्हास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलर्स भरण्याची आणि ब्राउझिंगची माहिती जाहिरातीसाठी न विकण्याची अट आली. आरोप आपल्याला मान्य नाहीत, तरी प्रकरण मिटवतो, अशी कंपनीची भूमिका होती. त्याच वर्षी चेक प्रजासत्ताकाच्या माहिती संरक्षण कार्यालयाने ३५ कोटी १० लाख क्राउनचा दंड केला. त्यांच्या निर्णयातील मुद्दा आपल्या किराणा दुकानदाराचाच आहे: जी माहिती पुन्हा माणसाशी जोडता येते तिला निनावी म्हणता येत नाही, आणि निनावी आहे असे सांगून ती दिली असेल तर ग्राहकाची दिशाभूल झाली. अव्हास्ट तोवर नॉर्टनमध्ये विलीन होऊन २०२२ पासून 'जेन डिजिटल' या नव्या नावाच्या कंपनीचा भाग झाली होती. अविरा आणि एव्हीजी हीही नावे आज त्याच छपराखाली आहेत. दुकाने चार दिसतात, मालक एक.

त्या १ कोटी ६५ लाख डॉलर्सचे काय झाले? आयोगाने २०२५ मध्ये सुमारे ३७ लाख ग्राहकांना पैसे परत मागण्यासाठी पत्रे पाठवली. हे ग्राहक कोण? ज्यांनी त्या काळात अव्हास्टचे सॉफ्टवेअर पैसे देऊन घेतले होते ते. ज्यांनी फुकट वापरले त्यांना परत काय देणार? त्यांची पावतीच नव्हती.

मोबाइलची स्थिती अधिक वाईट आहे, आणि आपल्या घरांत संगणकापेक्षा मोबाइल कितीतरी जास्त. 'डीयू अँटीव्हायरस' नावाचे मोफत ॲप गुगलच्या दुकानातून एक ते पाच कोटी वेळा उतरवले गेले होते. ते वापरणाऱ्याच्या फोनमधील नावे-नंबर, कोणाशी केव्हा बोलणे झाले त्याच्या नोंदी आणि फोनचे ठिकाण हे सर्व बाहेर पाठवते, असे चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांना २०१७ साली आढळले. ती माहिती त्याच गटाच्या, कोण फोन करतो आहे ते सांगणाऱ्या दुसऱ्या ॲपच्या कामी येत होती. गुगलने ते ॲप काढल्यावर काही दिवसांत ते दुरुस्त होऊन परत आले. २०१९ साली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या ऑस्ट्रियातील तपासणी संस्थेने अँड्रॉइडची २५० अँटीव्हायरस ॲप्स तपासली, तेव्हा ठेवलेल्या धोकादायक ॲप्सपैकी निदान ३० टक्के पकडणारी आणि निर्दोष ॲपवर आळ न घेणारी अवघी ८० निघाली. बाकीच्यांत काही तर नुसती चित्रे होती. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यांतही क्लीन मास्टर, ३६० सिक्युरिटी, व्हायरस क्लीनर अशी रक्षकांचीच नावे होती. ती बंदी सीमेवरील तणावाच्या दिवसांतली, तिची कारणे वेगळी. परंतु ही ॲप्स आपल्यातील कितीतरी जणांच्या फोनमध्ये होती हे त्या वेळी लक्षात आले.

आपल्याकडील कायद्याची स्थिती विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या दृष्टीनेही लक्षात ठेवावी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्कात तो अंतर्भूत आहे. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम झाला. संमती ही मुक्त, विशिष्ट, माहिती देऊन घेतलेली आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय कंपनीने दिली पाहिजे. आधीच खूण केलेले ते लहानसे चौकोन या कसोटीवर टिकणे कठीण दिसते. या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांना १८ महिन्यांची मुदत मिळाली. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. तो सरकारजमा होतो. ज्याची माहिती गेली त्याला त्यातले काही मिळत नाही. ही उणीव मला मोठी वाटते.

मग अँटीव्हायरस ठेवायचाच नाही का? तसे मुळीच नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर विंडोजमध्येच दिलेला असतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे. आपण दुसरा अँटीव्हायरस बसवला की तो आपोआप बाजूला होतो, आणि दुसरा काढला की पुन्हा कामाला लागतो. म्हणजे आपण अनेकदा घरचा पहारेकरी निजवून बाहेरचा आणत होतो. डिफेंडरही संशयास्पद फाइलींचे नमुने मायक्रोसॉफ्टकडे पाठवतो, हे सांगितले नाही तर एकांगी होईल. परंतु ते बंद करण्याची सोय त्याच्या सेटिंगमध्ये आहे. मोबाइलवर गुगलचे प्ले प्रोटेक्ट आधीच असते. त्यावर आणखी 'क्लीनर' आणि 'बूस्टर' चढवण्याची गरज नाही. पैसे देऊन अँटीव्हायरस घ्यायचा तर अवश्य घ्यावा, मात्र पैसे दिले म्हणजे माहिती सुरक्षित असे समजू नये. परताव्याची पत्रे ज्यांना गेली ते पैसे देणारेच होते. कोणताही प्रोग्रॅम बसवताना 'एक्सप्रेस' ऐवजी 'कस्टम' निवडावे, म्हणजे कोण कोण बरोबर येत आहे ते दिसते. बसवल्यावर त्याच्या सेटिंगमधील गोपनीयतेचे पान उघडून, माहिती इतरांना देण्याविषयीच्या खुणा काढाव्यात. काढून टाकण्यासाठी विंडोजच्या सेटिंगमधील 'ॲप्स' मध्ये जावे. तेवढ्याने गेला नाही तर बहुतेक कंपन्या काढण्याचे वेगळे साधन आपल्या संकेतस्थळावर देतात. आणि सर्वांत जास्त उपयोग होतो तो विंडोज अद्ययावत ठेवण्याचा. विंडोज १० ची नियमित अद्ययावतीकरणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्याचे दारच किडले आहे त्या घराला पहारेकरी किती पुरणार?

अभ्यासिकेतील त्या संगणकावरून पाचही प्रोग्रॅम काढायला मला दुपारचे दोन वाजले. पुन्हा सुरू केला तेव्हा डिफेंडरचे चिन्ह हिरवे झाले होते आणि शिष्यवृत्तीचे पान दहा-बारा सेकंदांत उघडले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊ अर्ज भरून झाले. त्या मुलीने एका कागदावर 'कस्टम निवडा, खुणा काढा' असे लिहून तो पडद्याच्या कडेला चिकटवला आहे. शेजारचा संगणक मात्र विंडोज १० वर आहे आणि त्याच्या अंतर्भागात नवी विंडोज बसत नाही असे दुरुस्तीवाला सांगतो. त्याचे काय करायचे हा विषय कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत ठेवला आहे.